फुलोऱ्याची तारीख : वऱ्हाडातील रानफुले आणि वाढती उष्णता

वऱ्हाडातील रानफुलांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यापासून सुरू व्हावी, याचे वाचकांस प्रथमदर्शनी नवल वाटेल. परंतु हवामान तापू लागले म्हणजे रानातल्या फुलाचे नेमके काय होते, या प्रश्नाची अत्यंत काटेकोर चौकशी ज्या मुलखांत झाली त्यांत उत्तर ध्रुवाभोवतीच्या मुलखाचे नाव अग्रभागी येते, आणि त्या चौकशीचे कागद वाचल्यावाचून पेढी नदीच्या काठचा पळस किंवा गाविलगडाच्या पठारावरची मुसळी यांच्याविषयी निष्कर्ष काढणे मला रास्त वाटत नाही. मराठी वाचकाला तो प्रदेश सर्वस्वी परकाही नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आर्यांचे मूलस्थान आर्क्टिक प्रदेशात असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हापासून तिकडची महिनोन्‌महिने चालणारी रात्र आणि तितकीच रेंगाळणारी उषा आपल्याकडील सुशिक्षित घरांतून चर्चिली गेली. तो सिद्धांत पुढे विद्वानांना मान्य झाला नाही, तरी त्या प्रदेशाविषयीचे कुतूहल मागे उरले. आज स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलसुन्द येथे जुलै २००८ पासून चालू असलेले ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली चालते, म्हणजे त्या बर्फाळ प्रदेशाचे दप्तर आपल्या कोकणपट्टीच्या शेजारीच उघडलेले आहे.

ग्रीनलंडमधील झाकेनबर्ग हे ठिकाण ७४ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जून महिन्यात बर्फ वितळला, की गुलाबाच्या कुळातले ड्रायस नावाचे एक झुडूप जमिनीला अगदी लगटून फुलते. त्याला बहुधा आठ पांढऱ्या पाकळ्या असतात, त्यांचा मिळून एक उथळ द्रोण होतो, आणि हा द्रोण दिवसभर सूर्याच्या रोखाने फिरत राहतो. त्यामुळे किरणे पाकळ्यांवरून परावर्तित होऊन मध्यावरच्या बीजकोशांवर एकवटतात, फुलाचा गाभा आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी उबदार राहतो, आणि त्या उबेसाठी माश्या फुलात येऊन बसतात. जेथे उन्हाळा जेमतेम सहा-आठ आठवड्यांचा, तेथे उबेचा कण न्‌ कण फुलाने असा वेचून घेतलेला असतो. अशा ठिकाणी तापमान वाढले तर फुलाने आनंदाने लवकर उमलावे, हाच कोणाचाही पहिला तर्क असेल; आणि १९९६ ते २००५ या दहा वर्षांच्या नोंदींनी तो तर्क खराही करून दाखवला. झाकेनबर्गमधील वनस्पतींचे फुलणे, कीटकांचे बाहेर पडणे आणि पक्ष्यांचे अंडी घालणे ही सारी सरासरीने दशकात १४.५ दिवस अलीकडे सरकल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले, आणि सबंध जगात ऋतू इतक्या वेगाने सरकल्याचे दुसरे उदाहरण नाही, असे त्या वेळी मानले गेले.

एवढ्यावर तेथील अभ्यासकांनी वही मिटवली असती, तर तो निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला असता. त्यांनी वही मिटवली नाही, हे मला त्या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोठे वाटते. २०२० पर्यंतच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी एकत्र मांडून त्यांनी २०२३ साली जे प्रसिद्ध केले त्याचे तात्पर्य असे, की पहिल्या दशकातली ती सरळ रेषा पुढे टिकली नाही; बर्फ कधी लवकर वितळला, कधी फार उशिरा, आणि फुलांच्या तारखा त्या बर्फाच्या मागोमाग पुढेमागे हेलकावत राहिल्या. याच काळात आर्क्टिक प्रदेश तापण्याचे थांबले होते, असे मुळीच नाही. १९७९ पासून तो उर्वरित जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. मात्र फूल हवेच्या सरासरी तापमानाकडे पाहत नाही, ते आपल्या मुळाशी बर्फ आहे की नाही हे पाहते. आणि तापलेली हवा अधिक बाष्प वाहून आणत असल्यामुळे एखाद्या हिवाळ्यात बर्फ अधिकही पडतो.

आर्क्टिकमधल्या चौकशीतून आणखी दोन गोष्टी हाती लागल्या, त्यांचा उल्लेख येथे केला पाहिजे. १९९० साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगात वरून उघड्या अशा पारदर्शक षट्कोनी पेट्या रानातल्या फुलांभोवती उभ्या करून आतली हवा एक ते तीन अंशांनी उबदार ठेवली जाते. तेथे, आणि बाहेरच्या उघड्या रानातही, असे दिसून आले की हंगामाच्या आरंभी फुलणाऱ्या जाती थोड्या सरकतात, पण अखेरीस फुलणाऱ्या जाती अधिक सरकतात, आणि त्यामुळे सबंध फुलोऱ्याचा काळ पसरण्याऐवजी आकुंचन पावतो. दुसरी गोष्ट माश्यांची. झाकेनबर्गमध्ये ड्रायसला बी धरण्यासाठी ज्या माश्यांची मदत होते, त्यांचीच संख्या तापमानवाढीबरोबर घटत गेली. फूल आपल्या जागी वेळेवर उभे आहे, द्रोण सूर्याकडे वळलेला आहे, आणि ज्याच्यासाठी ही सगळी मांडामांड केली तो पाहुणाच उणावला आहे, अशी ही अवस्था होय.

आता वऱ्हाडाकडे वळू. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याने निघाले, की थोड्याच अंतरावर पूर्णेला मिळणाऱ्या पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच नदीजवळ देह ठेवला, म्हणून महाराष्ट्र या गावाचे नाव जाणतो. दक्षिणेला आणि पश्चिमेला पूर्णेच्या खोऱ्याची काळी, कापसाची जमीन. उत्तरेला, आकाश स्वच्छ असले की निळसर दिसणारी गाविलगडची रांग, ज्या गडाच्या नावाने अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार ओळखले जाई. पायथ्याची ही काळी आणि वरचे मेळघाटचे सागवानी रान, या दोहोंतील फुलांचा हा ग्रंथ आहे. येथे बर्फ नाही, आणि उष्णतेची वाण तर या मुलखाला कधीच नव्हती. अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेलेला आपण पाहिला आहे, आणि मे २०२४ मध्ये तर उष्णतेपायी त्या जिल्ह्यात कलम १४४ अन्वये जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. अशा ठिकाणच्या फुलाला थोडी अधिक ऊब मिळाली म्हणून ते हर्षाने लवकर उमलेल, ही आर्क्टिकहून उसनी आणलेली कल्पना वऱ्हाडात लागू पडत नाही. तेथे कुलपाची किल्ली बर्फाजवळ आहे. येथे ती पाण्याजवळ आहे, आणि वाढती उष्णता आपल्या फुलांशी जे काही करते ते मुख्यत्वे पाण्याच्या द्वारे करते. या ग्रंथाची सारी मांडणी याच विचारावर उभी आहे.

हे सूत्र रानफुलांच्या बाबतीत नवे वाटेल, पण वरूड, मोर्शी, अचलपूर आणि चांदूर बाजार या तालुक्यांतल्या कोणत्याही संत्रा बागायतदाराला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. संत्र्याचे झाड येथे सोडून दिले तर वर्षातून अनेकदा थोडेथोडे फुलते. म्हणून बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतो, पाने मलूल होऊन काही गळेपर्यंत वाट पाहतो, आणि मग पाणी देऊन ताण सोडतो, की फांद्यांतून पांढरा बार एकदम बाहेर पडतो. हिवाळ्याअखेर हा खेळ केला तर आंबिया बहार, आणि उन्हाळ्याचा ताण मृगाच्या पावसाने सुटला तर मृग बहार. आंबिया बहाराचे पाणी विहिरीतले, म्हणून माणसाच्या हातचे. मृगाचे पाणी आभाळातले. मेच्या अखेरीस वळिवाने दोनदा झोडपले तर ताण अवेळी सुटतो, मृग कोरडा जाऊन तापमान चढेच राहिले तर बार फुटतच नाही, आणि बागायतदार “औंदा मृग फुटलाच नाही” एवढ्या चार शब्दांत वर्षाचा हिशेब सांगून मोकळा होतो. तुरीचीही गोष्ट अशीच आहे. ऐन फुलोऱ्यात धुई पडली किंवा आभाळ सतत दाटून राहिले, की धुऱ्याशी पिवळ्या फुलांचा सडा पडतो, आणि शेंगा धरण्याचे तेवढे राहून जाते. फुलाचे येणे, न येणे, येऊन गळणे, या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत हे शेतकरी जाणतो. रानफुलांचा विचार करतानाही आपण त्या निरनिराळ्याच ठेवल्या पाहिजेत.

मेळघाटातल्या आणि खालच्या पांदणींतल्या झाडांपैकी पळस, काटेसावर, पांगारा, गणेर ही झाडे पाने झडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी फुलतात. कोरड्या ऋतूत, मातीत ओल उरलेली नसताना, एवढ्या रसाळ फुलांचा भार झाडाला कसा पेलतो, हे पाहण्याजोगे आहे. पाने हीच झाडाच्या पाण्याला लागलेली मोठी गळती. ती झडली की खोडात आणि मुळांत शिल्लक राहिलेले पाणी खर्ची पडेनासे होते, कळ्यांना ते उपलब्ध होते, आणि त्या शिलकीवर झाड फुलते. म्हणजे फाल्गुनातल्या पळसाचा जमाखर्च मागच्या भाद्रपद-आश्विनात पडलेल्या पावसापर्यंत पोहोचतो. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. ही वाढलेली तहान हवा पानांतून आणि उघड्या काळ्या मातीतून भागवते. तेव्हा त्याच पावसाच्या वर्षीही माती आधी सुकेल, पाने आधी झडतील आणि फूल आधी येईल, असा एक संभव. आणि खोडातली शिल्लकच अपुरी पडून फूल तुरळक येईल, हा दुसरा. हलक्या, मुरमाड बरडावरचा पळस आणि नाल्याच्या काठी खोल मातीत उभा असलेला पळस हे एकाच वर्षी या दोन भिन्न वाटांनी जाऊ शकतात, म्हणून ‘पळस लवकर फुलू लागला आहे’ असे सरसकट विधान मी या ग्रंथात कोठेही केलेले नाही.

पळसाच्या फुलाजवळ जरा थांबू या, कारण रस्त्याने जाताना दुरून दिसणारा केशरी रंग हाच त्याचा परिचय बहुतेकांना असतो. फांदीच्या टोकाशी काळपट तपकिरी, मखमली लव असलेल्या कळ्यांचे घोस लागतात. त्या मखमलीतून जी पाकळी वाकून बाहेर येते तिला राघूच्या चोचीचा बाक असतो, आणि त्या बाकात पुंकेसर व स्त्रीकेसर दडलेले असतात. मध मात्र तळाशी, पुष्पकोशाच्या वाटीत. मैना, बुलबुल, पोपट, कावळे असे कितीतरी पक्षी त्या मधासाठी येतात. टंडन, शिवण्णा आणि मोहन राम यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पळसावर येणाऱ्या पक्ष्यांपैकी खऱ्या अर्थाने परागवहन करणारा पक्षी म्हणजे जांभळा शिंजीर, आणि त्याच्या जोडीला पाठीवर तीन पट्टे असलेली खार. बाकीचे बहुतेक पाहुणे मध चाखून जाणारे. एवढ्या मोठ्या फुलोऱ्याचे बी धरणे एका बोटभर पक्ष्यावर आणि एका खारीवर येऊन ठेपलेले असणे, ही गोष्ट झाकेनबर्गच्या माश्यांची आठवण करून दिल्यावाचून राहत नाही. शिंजिराची वीण आणि पळसाचा मध यांच्या तारखा परस्परांपासून दूर जातात की काय, हे पाहायचे तर दोहोंच्या तारखा एकाच वहीत हव्यात.

मोहाच्या बाबतीत प्रश्न फुलाच्या सौंदर्यापुरता राहत नाही. चैत्रात मोहाची फुले रात्री उमलतात, वटवाघळांची त्यांच्याभोवती ये-जा चालते, आणि पहाटे त्यांची मांसल, फिकट पिवळी, साखरेने ओथंबलेली दळे आपोआप गळून खाली पडतात. कोरकू बायामुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण ऊन चढले की फूल मलूल होते आणि गुरे, हरणे, अस्वले यांचा वाटाही त्यात असतो. वेचलेले फूल अंगणात वाळत घालावे लागते. वाळवणाच्या त्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर फूल काळे पडते आणि त्याला भाव राहत नाही. फेब्रुवारी आणि मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली तिच्या नुकसानीचे पंचनामे गहू, हरभरा, संत्रा यांचे झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. परंतु रानातल्या कळ्यांना सातबाऱ्यावर रकाना नाही, त्यामुळे रानावर पोट असणाऱ्यांचे नुकसान मोजण्याची सोय आपल्या महसुली व्यवस्थेत नाही, हे सांगताना मला मनापासून खेद होतो.

पहिल्या पावसाबरोबर फुलणाऱ्या कंदांचे प्रकरण निराळे. काळी मुसळी, पांढरी मुसळी, रानहळद, कळलावी यांचा देह आठ-नऊ महिने जमिनीखाली असतो. मृगाच्या सरी मातीत मुरल्या की थोड्याच दिवसांत मुसळीची पिवळी चांदणी गवताच्या बुडाशी दिसू लागते, आणि कळलावीच्या पिवळ्या-तांबड्या ज्वाला आषाढ-श्रावणात कुंपणावर चढतात. हे फूल पावसाला उत्तर देते, पण ते उत्तर देण्याचे सामर्थ्य मागच्या वर्षीच्या पानांनी कंदात साठवलेल्या अन्नाचे असते. पर्वतशिखरांवर आणि ध्रुवप्रदेशात आढळणाऱ्या बिस्टोर्टा नावाच्या वनस्पतीत तर कळीचा पहिला अंकुर धरल्यापासून ती फुलण्यापर्यंत चार वर्षे जातात, असे अमेरिकेतील रॉकी पर्वतावर दिसून आले आहे. म्हणजे आज डोळ्यांसमोर असलेले फूल चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याची साक्ष देत असते. आपल्या कंदांची स्मृती इतकी लांब नसली, तरी गेल्या वर्षी पाऊस लवकर गेला असेल तर त्याची कैफियत यंदाच्या मृगात वाचावी लागते, हे लक्षात ठेवावे. पांढऱ्या मुसळीवर खोदणाऱ्यांचे संकट हवामानाच्या कितीतरी आधी आलेले आहे, तेही विसरता येत नाही.

तेरडा आणि त्याचे भाद्रपदातले सोबती हे मात्र पावसापेक्षा सूर्याचे ऐकतात. तेरड्यावर आपल्या देशात झालेल्या प्रयोगांतून हे स्थिर झाले आहे, की रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय तो कळी धरत नाही. दिवसाची लांबी पृथ्वीच्या भ्रमणावर ठरते, तापमानवाढीने तिच्यात काडीचा फरक पडत नाही. अशा फुलाची तारीख स्थिर राहील, आणि त्याच्याभोवतीचा पाऊस, कीटक आणि शेजारचे गवत यांच्या तारखा हलतील. जे फूल हलत नाही ते सुरक्षित आहे, असा समज करून घेऊ नये. मैफल पुढे सरकली आणि एकजण ठरल्या वेळेलाच आला, तर त्याच्या वाट्याला रिकामे अंगण येते.

चिखलदऱ्याविषयी मला विशेष चिंता वाटते. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, चिखलदरा १,११८ मीटर. दर हजार मीटर चढाला हवा स्थूलमानाने साडेसहा अंशांनी थंड होते, या हिशेबाने वर आणि खाली सुमारे पाच अंशांचा फरक पडतो. त्या पाच अंशांच्या आणि वरच्या अधिक पावसाच्या आधारावर तेथे कॉफी रुजली, आणि पावसाळ्यात आमरी, नेचे आणि असंख्य नाजूक फुले पठारावर नांदतात. हवा एका अंशाने तापली तर पूर्वीचाच थंडावा राखण्यासाठी तेथल्या रोपाला दीडशे मीटर वर जायला हवे. आणि गाविलगडच्या रांगेतले सर्वांत उंच स्थान जे वैराट, ते १,१७८ मीटर, म्हणजे चिखलदऱ्याहून अवघे साठ मीटर उंच. आर्क्टिकमधली फुले उत्तरेकडे सरकत गेली तर त्यांच्यापुढे समुद्र येतो. आपल्या पठारावरच्या फुलांपुढे आकाश येते. १८५०-१९०० च्या मानाने २०११-२०२० या दशकात पृथ्वीचे तापमान सरासरी १.१ अंशांनी वाढले आहे, आणि १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सुमारे ०.७ अंशांनी. दरीच्या छायेत, झऱ्याच्या ओलाव्यात, उत्तरेकडच्या उतारावर काही जाती आपला निभाव लावतील. म्हणून त्या दऱ्यांतले झरे, आणि झऱ्यांवरचे रान, राखण्यावर माझा एवढा भर आहे.

येथे एक सावधगिरी. रानात जे जे बदलले ते सारे तापमानाच्या खात्यावर टाकणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. धुऱ्यावरची शंखपुष्पी, केना, कुर्डू ही नाहीशी होण्याचे पहिले कारण तणनाशकाचा फवारा आहे. पांदणी रुंद झाल्या तेथे पळस गेला तो कुऱ्हाडीने. मेळघाटात रायमुनिया आणि रानतुळस यांनी जो कब्जा केला आहे, आणि खाली पडीक रानात गाजरगवताने, त्यांत तापमानाचा हात असेल तर तो मागून आलेला आहे. आर्क्टिकमध्ये विलो आणि बर्चची झुडपे वाढून खालच्या फुलांचे ऊन अडवू लागली आहेत, त्याचे कारण मात्र सरळ उष्णतेशी जाऊन भिडते. दोन्ही ठिकाणी फूल झाकोळले जाते आहे, पण कारणे भिन्न आहेत आणि उपायही भिन्न असणार.

या सर्व विवेचनात ज्याची उणीव पावलोपावली भासते ती गोष्ट म्हणजे तारीख. जपानात क्योटो येथील चेरीच्या फुलोऱ्याच्या नोंदी इसवी सन ८१२ पासून रोजनिश्यांत आणि दरबारी लेखांत सापडतात, त्यामुळे २६ मार्च २०२१ रोजी तेथे चेरी पूर्ण बहरात आली तेव्हा बाराशे वर्षांच्या नोंदींत इतकी अलीकडची तारीख नाही, असे निःशंकपणे सांगता आले. आपल्याकडे थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो थोर ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या कक्षेत वऱ्हाड नव्हते. वऱ्हाड त्या वेळी निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलेले आणि १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेले. अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींवरील कांबळे आणि प्रधान यांचा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९८८ साली प्रसिद्ध केला, आणि तो आमच्या नित्य हाताशी असतो. परंतु अशा ग्रंथांची रीत अशी, की फुलोऱ्याचा काळ ‘फेब्रुवारी ते एप्रिल’ असा महिन्यांत देतात. ओळख पटवण्यास तेवढे पुरते. दहा-पंधरा दिवसांचा फरक त्या तीन महिन्यांच्या पोटात कोठेच दिसत नाही.

याहून मोलाचा पुरावा वनस्पतिसंग्रहालयांत आहे. जाड पांढऱ्या कागदावर दाबून वाळवलेली फांदी, रंग उडून तपकिरी पडलेली फुले, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवलेली चिठ्ठी : वनस्पतीचे नाव, गाव, गोळा करणाराचे नाव, आणि दिवस-महिना-वर्ष. ज्याने ती चिठ्ठी लिहिली त्याच्या मनात हवामानाचा विचार नव्हता. त्याने केवळ आपल्या शास्त्राची शिस्त पाळली, आणि त्या शिस्तीमुळे पन्नास-शंभर वर्षांनंतर अमुक झाड अमुक गावी अमुक दिवशी फुललेले होते याचा दाखला आपल्याला मिळतो. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम क्षेत्रीय केंद्रात आणि आपल्या जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत असे कागद आहेत. वाळवीपासून त्यांचे रक्षण करणे हे मला कोणत्याही नव्या यंत्रसामग्रीपेक्षा निकडीचे वाटते.

आणि पटवाऱ्याच्या दप्तराविषयीही एक शब्द लिहिलाच पाहिजे. गावोगावची पीकपाहणी, पैसेवारी, पर्जन्यमापकाचे आकडे, अशी नोंदीची एक मोठी परंपरा या मुलखात महसुलाच्या निमित्ताने रुजली. नोंद करण्याचे वळण आपल्या समाजाला नाही, हा आरोप म्हणूनच मला मान्य नाही. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने १९५६ साली महिन्यामहिन्याने झाडाकडे कसे पाहावे हे मराठी वाचकाला शिकवले. म्हणजे पाहणे आहे, वहीही आहे, फक्त पाहिलेले वहीत उतरवायचे राहिले आहे.

ते उतरवताना कालगणनेची एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. ‘पळस होळीला फुलतो’ असे आपण म्हणतो, आणि ते खरेही असते. पण २०१८ साली होळी १ मार्चला आली आणि २०२१ साली २८ मार्चला, म्हणजे चंद्राच्या तिथीत जवळजवळ महिनाभराची सैल जागा आहे आणि सरकलेले फूल त्या जागेत सहज लपून जाते. नक्षत्रांचे तसे नाही. शेतकऱ्याची रोहिणी, मृग, आर्द्रा ही सूर्याच्या गतीवर चालतात, मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो. तेव्हा ‘मृग लागल्यावर पाचव्या दिवशी मुसळी दिसली’ ही एखाद्या अशिक्षित गुराख्याची नोंदही शास्त्राच्या कसोटीला उतरते. बहावा फुलल्यापासून दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, हा जो लोकसंकेत आहे त्याचीही परीक्षा अशा नोंदींनीच होईल. बहाव्याची तारीख उष्णतेने हलली आणि मोसमी वारे आपल्या चालीने आले, तर या संकेतावर पेरणीची तयारी करणाऱ्याची फसगत होईल, आणि दुबार पेरणीचा खर्च काय असतो हे वऱ्हाडात कोणास समजावून सांगायला नको.

पुढील प्रकरणे या दृष्टीने रचली आहेत. प्रत्येक फुलाच्या वर्णनाखाली मोकळा तक्ता दिलेला आहे. त्यात झाड एकच धरावे, दरवर्षी तेच. आपल्या घरापासून रोज जाता-येता दिसणारे असावे, म्हणजे पाहण्यात खंड पडणार नाही. पहिली कळी कधी दिसली, पहिले फूल कधी उमलले, निम्मे झाड कधी फुलले, अखेरचे फूल कधी गळले आणि शेंग किंवा फळ धरले की नाही, असे पाच रकाने आहेत. सहावा पावसाचा आणि सातवा, कोणते पक्षी व कीटक आले याचा. जमीन काळी आहे की बरड, पाणी जवळ आहे की नाही, हे पहिल्याच वर्षी एकदा लिहून ठेवावे. ज्या वर्षी झाड फुललेच नाही त्या वर्षीची ओळ कोरी सोडू नये. तेथे ‘फूल आले नाही’ असे स्पष्ट लिहून तारीख घालावी, कारण कोऱ्या ओळीवरून झाड फुलले नाही की पाहणारा गावी नव्हता, याचा उलगडा पुढे कोणालाही होणार नाही.

वलगाव, जिल्हा अमरावती